सुनेची पणजी चेरोकी होती म्हणे! (कुळशोध : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार ताई. मी गुहागरचा, बँकेतून रिटायर्ड. मुलगा डॅलसला असतो, सून तिकडचीच. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय आणि नातीच्या नोंदीत तिच्या आईकडची बाजूही यावी असं मला वाटतं (चुलतभावांना पटलेलं नाही, ते जाऊ दे). सुनेच्या घरी पहिल्यापासून सांगतात की तिची पणजी, म्हणजे आजीची आई, चेरोकी (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) होती, ओक्लाहोमातली. एक फोटो आहे, मागे पेन्सिलने नाव आणि १९०७, बस्स. विहीणबाई म्हणतात डॉझ रोलमध्ये, म्हणजे चेरोकी वगैरे जमातींच्या जुन्या सरकारी यादीत, नाव असणारच. सूनबाईने वेबसाइटवर नाव टाकलं तर त्या नावाच्या चार बायका निघाल्या, आता त्यातली आपली कुठली? आणि मी इथे गुहागरात बसून काय करू शकतो?

उत्तर : काका, स्पष्ट सांगू का, त्या चौघींतली बहुतेक एकही तुमची नाही. कारण ते फोटोमागचं १९०७. सूनबाई पस्तिशीच्या आसपास असतील असं धरलं (वय तुम्ही लिहिलं नाहीत) तर पणजीचं ते जन्मसालच असणार. आणि चेरोकींच्या डॉझ रोलमध्ये यायचं तर माणूस १ सप्टेंबर १९०२ ला जिवंत पाहिजे होता, मागाहून लहान मुलांची एक वाढीव यादी केली तिची तारीख ४ मार्च १९०६. त्यानंतर जन्मलेलं पोर, आईबाप दोघंही अस्सल चेरोकी असले तरी, यादीत नाही म्हणजे नाही. १९०७ च्या मार्चात तर यादीच बंद झाली. तेव्हा पणजीला शोधत बसू नका, पणजीच्या आईबापांना शोधा, आणि त्यासाठी पणजीचं माहेरचं आडनाव लागणार. फोटोमागे लिहिलंय ते माहेरचं की सासरचं हे आज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंना विचारून घ्या, बहुतेक सासरचं निघेल.

हे म्हणजे आपल्याकडच्या जात पडताळणीसारखं आहे बघा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात आणि मग माणसं आजोबांच्या शाळेचा उतारा शोधत जिल्हा परिषदेच्या शाळेत खेपा घालतात. तिकडेही एक तारीख ठरलीय आणि त्या तारखेच्या यादीत नाव असलेला पूर्वज दाखवायचा. फरक एवढाच की आपल्याकडे सगळं बापाच्या बाजूने बघतात, तिकडे आईकडून असो की बापाकडून, सरळ रेषेतला एक पूर्वज मिळाला की झालं.

आता माहेरचं आडनाव कुठून काढायचं. नेहमी नातीपासून सुरुवात करा, पणजीपासून नाही. नात, सून, विहीणबाई, विहीणबाईंची आई असा एकेक जन्माचा आणि मृत्यूचा दाखला घेत मागे जायचं, एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. पणजीचा जन्मदाखला मिळेल या आशेवर राहू नका, ओक्लाहोमा हे राज्यच मुळात १६ नोव्हेंबर १९०७ ला झालं आणि जन्ममृत्यूची नोंद राज्याने १९०८ पासून सुरू केली, तीही पहिली बरीच वर्षं अर्धवट. पण मृत्यूच्या दाखल्यावर आईबापांची नावं असतात. आणि एक कागद लोक हमखास विसरतात तो म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबरसाठी केलेला अर्ज. १९३६ पासून नोकरी करणाऱ्यांनी तो भरलाय, त्यात वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं नाव असे दोन्ही रकाने आहेत आणि तो अर्ज त्या बाईंनी स्वतः सांगून भरलेला असतो, मुलांनी रडत रडत दवाखान्यात सांगितलेला नसतो. पणजीने कुठे शिवणाच्या कारखान्यात, हॉटेलात काम केलं असेल तर मागवून बघा, फी लागते पण मिळतो. जोडीला १९०० आणि १९१० ची अमेरिकन जनगणना, त्या दोन्ही वेळी तिथल्या मूळ रहिवाशांसाठी (त्यांना इंडियन म्हणत) वेगळा तक्ता होता आणि त्यात स्वतःची आणि आईबापांची जमात कुठली हेही विचारलंय.

आईबापांची नावं हातात आली की मग डॉझ रोलकडे. ही यादी नेमकी कशाची ते माहीत असलं की शोधताना फसायला होत नाही. चेरोकी मूळचे जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना, अलाबामा या भागातले. १८३५ ला न्यू एकोटा इथे मूठभर लोकांनी सरकारशी करार करून टाकला, मुख्य चीफ जॉन रॉस आणि बहुसंख्य लोक विरोधात असताना, आणि त्या कराराच्या जोरावर १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार माणसं बंदुकीच्या धाकाने मिसिसिपी नदीच्या पलीकडे, आजच्या ओक्लाहोमात हाकलली. वाटेत आणि छावण्यांमध्ये ४ हजारांच्या आसपास मेली असं साधारण मानतात. तिकडे गेल्यावर त्यांनी तालेक्वाला राजधानी केली, १८३९ मध्ये राज्यघटना केली, कोर्टं, शाळा सगळं आपलं. म्हणजे ते एक राष्ट्र (चेरोकी नेशन) होतं आणि त्यांच्या स्वतःच्या नागरिकांच्या याद्या होत्या. पुढे अमेरिकन सरकारला त्यांची सामाईक जमीन मोडून माणशी वाटायची होती (उरलेली गोऱ्यांना मोकळी करायला, हे वेगळं सांगायला नको), म्हणून १८९३ ला डॉझ कमिशन नेमलं आणि १८९८ च्या कर्टिस कायद्याने त्यांच्या मर्जीविरुद्ध नावनोंदणी सुरू केली. चेरोकीला माणशी सरासरी ११० एकर जमीन. ११० एकर म्हटल्यावर देशभरातून झुंबड उडाली. चेरोकी, चॉक्टॉ, चिकासॉ, क्रीक, सेमिनोल या पाच जमाती मिळून अडीच लाखांच्या वर लोकांनी नावं दिली, मंजूर झाली एक लाखाच्या थोडी वर. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक बाहेर, आणि त्या बाहेर गेलेल्यांच्या घरोघरी आज हीच पणजीची गोष्ट सांगतात.

शोधायची पद्धत दोन टप्प्यांची आहे आणि इथेच सूनबाई अडकल्यात. नाव टाकल्यावर जो रोल नंबर मिळतो तो एका माणसाचा. त्यावरून पुढे कार्ड नंबर मिळतो, तो अख्ख्या घराचा. लोक रोल नंबरचंच कार्ड उघडतात आणि भलत्याच कुटुंबाला आपलं समजून डोळ्यात पाणी आणतात. नीट कार्ड उघडा. एक मोठा आडवा छापील तक्ता आहे, हाताने भरलेला. वर राहायचा पत्ता आणि पोस्ट, मग एकाखाली एक घरातली माणसं, प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं, वय (अर्जाच्या वेळचं, आजचं गणित करताना हे लक्षात ठेवा), स्त्री की पुरुष, रक्ताचं प्रमाण, आणि आधीच्या कुठल्या सालच्या यादीत, कुठल्या जिल्ह्यात, कितव्या नंबरवर नाव होतं ते. खालच्या अर्ध्यात प्रत्येकाच्या बापाचं आणि आईचं नाव, मेले असतील तर तसं, आणि चेरोकी नसतील तर ‘नॉन सिटिझन’ असा शेरा. अगदी तळाशी कारकुनाच्या बारीक नोंदी, हा अमुक १८८० च्या यादीत तमुक नावाने आहे, ही बाई मागाहून वारली, हिचं लग्न झालं आता अमक्या कार्डावर गेली. बायकांचा माग काढायला सोनं आहे ते! वरचे रकाने सोडून आधी तळ वाचा असं मी सगळ्यांना सांगते.

रक्ताच्या प्रमाणावर मात्र जीव टाकू नका. पाव, अर्धा, एक अष्टमांश हे बऱ्याचदा तोंडी सांगण्यावरून आणि समोर बसलेल्या कारकुनाच्या नजरेवरून पडलेले आकडे आहेत, सख्ख्या भावंडांची वेगवेगळी प्रमाणं सापडतात. आणि फ्रीडमन म्हणजे चेरोकींकडे गुलाम असलेल्या काळ्या लोकांची कार्डं वेगळी, त्यावर रक्ताचा रकानाच नाही, अंगात चेरोकी रक्त असलं तरी बऱ्याच जणांना तिकडेच टाकलंय. १८६६ च्या कराराने त्यांना नागरिकत्व मिळालं होतं तरी त्यांच्या वारसांना ते टिकवायला २०१७ पर्यंत कोर्टात भांडावं लागलं. सूनबाईच्या पणजीचं नाव त्या कार्डांत आलं तर घाबरून बाजूला सारू नका, तीही चेरोकी नेशनचीच नोंद आहे. उलट ‘लग्नाने आलेले गोरे’ असाही एक गट आहे यादीत, तो पूर्वज निघाला तर मात्र तेवढ्यावर नागरिकत्व मिळत नाही.

कार्डासोबत अर्जाचं पाकीट असतं, त्यात शपथेवर झालेली प्रश्नोत्तरं. तू कुठे जन्मलास, बाप कोण, इथे किती वर्षं राहतोस, मधे नेशनबाहेर गेला होतास का. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा कारण डॉझ रोलला त्या भूमीत राहत असणं जरुरीचं होतं. जे कुटुंब आधीच टेक्सास-अर्कान्सात जाऊन राहिलं ते खरंखुरं चेरोकी असलं तरी बाहेर.

तुमचं तसं झालं असेल तर गियन मिलर या कोर्टाच्या कमिशनरची यादी बघा. १९०५ मध्ये कोर्टाने जुन्या करारभंगाची भरपाई चेरोकींना द्यायचा निकाल दिला, त्यासाठी २८ मे १९०६ ला जिवंत असलेले, पूर्वेकडच्या चेरोकींचे वारस शोधायचे होते, आणि इथे कुठे राहता याची अट नव्हती. ४५ हजारांच्या आसपास अर्ज, त्यात सुमारे ९० हजार माणसं, मंजूर झाली ३० हजारांच्या वर. अर्जात आईबाप, आजीआजोबा दोन्हीकडचे, भावंडं, काका-आत्या सगळ्यांची नावं मागितलीत, इंग्रजी आणि असेल तर चेरोकी नावसुद्धा. आपल्या कुलवृत्तांतात बायकांच्या माहेरच्या दोन पिढ्या कुणी छापल्यात? इथे आहेत. नामंजूर अर्जही जपून ठेवलेत. पणजी तेव्हा जन्मली नव्हती, पण तिच्या आईने किंवा मामाने अर्ज केला असू शकतो.

गुहागरातून काय करता येईल विचारलंत, तर जवळजवळ सगळंच. डॉझच्या अंतिम यादीत नाव शोधायची सोय ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर फुकट आहे, कार्डं आणि गियन मिलरचे अर्ज अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जचे आहेत आणि फॅमिलीसर्च या साइटवर पैसे न भरता बरंच बघता येतं. लाइट गेली की राउटर बंद पडतो एवढीच आपली अडचण. दाखले मात्र सूनबाईलाच मागवू दे, अलीकडच्या काळातले नातलगालाच देतात.

आणि छापायला काय द्यायचं. नोंद सापडली तर रोल नंबर आणि कार्ड नंबरसकट छापा, चुलतभावांना म्हणावं तुमच्या मूळपुरुषाला असा नंबर आहे का. नाही सापडली तर ‘मातृपक्षात चेरोकी मूळ असल्याचं सांगितलं जातं, नोंद मिळालेली नाही’ एवढंच. ‘चेरोकी राजकन्या’ असं विहीणबाईंनी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. चेरोकींत राजेच नव्हते तर राजकन्या कुठून येणार, त्यांच्यात सात कुळं आणि मूल आईच्या कुळाचं.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीची, घरी बसून एका ऑनलाइन प्रोजेक्टसाठी जुने हस्तलिखित कागद टाइप करून देते, व्हॉलंटियर म्हणून. चेरोकी कार्डांवर कधी ‘डी’ कधी ‘आर’ दिसतं. आणि एका घराण्याचा कागद असा की १८८७ ला नागरिकत्व नामंजूर, १८९६ ला मंजूर, पुढे परत नामंजूर. हे काय गौडबंगाल?

उत्तर : अगं, हे वाचून मला तुझा हेवा वाटला. ‘डी’ म्हणजे संशयित, निकाल लागायचा राहिलेला, आणि ‘आर’ म्हणजे नामंजूर. ‘डी’ कार्डावरची माणसं नंतर सरळ (म्हणजे मंजूर) कार्डावर गेलेलीही असतात त्यामुळे तेवढ्यावर निष्कर्ष काढू नकोस, तळाचा शेरा टाइप करताना एक अक्षरही गाळू नकोस.

आता मंजूर-नामंजूर. अमेरिकन यादवी युद्धानंतर चेरोकी नेशनमध्ये बाहेरून लोक येऊन राहायला लागले, कुणी म्हणे आमची आजी चेरोकी, कुणी नुसतीच जमीन धरून बसलेले. चेरोकी सरकारने नागरिकत्वाचे दावे ऐकायला स्वतःची कमिशनं नेमली, १८८६ च्या डिसेंबरात केलेल्या कायद्याने नेमलेलं त्यातलंच, तुझा १८८७ चा कागद त्याचाच असणार. त्यांची कसोटी सरळ होती, १८३५, १८४८, १८५१ आणि १८५२ च्या याद्यांत तुमचा पूर्वज दाखवा. निकाल ठोकळेबाज असतात, अमक्याचं नाव या याद्यांत दिसत नाही, सबब दावा फेटाळला आणि अर्जदार घुसखोर. आपल्या सरकारी पत्राची आठवण यावी असे.

पण घुसखोर ठरवलं तरी हाकलायचं काम अमेरिकन सरकारचं, ते हलायचं नाही, माणसं तिथेच राहिली. मग १८९६ मध्ये काँग्रेसने (अमेरिकन संसदेने) हे दावे ऐकायचा अधिकार चेरोकींच्या हातातून काढून डॉझ कमिशनला दिला, आणि तिथे काही जणांचं काम झालं. चेरोकी नेशन अपिलात गेलं, अमेरिकन कोर्टाने त्यातले बरेच उलटवले, शेवटी १८९९ ला सुप्रीम कोर्टाने स्टीफन्स विरुद्ध चेरोकी नेशन खटल्यात सांगितलं की काँग्रेसला हा अधिकार आहे आणि खालच्या कोर्टाचे निकाल कायम. तुझ्या घराण्याची तीन वळणं ती हीच.

म्हणून १८९६ चा ‘मंजूर’ शिक्का बघून कुणी नाचायला लागलं तर थांबवायचं, १८९८ नंतरची नोंदणी वेगळी झाली आणि चेरोकींसाठी १८८० ची त्यांची स्वतःची यादी पाया धरली. माझं विचारशील तर १८८७ च्या चेरोकी कमिशनचा नकार मी १८९६ च्या होकारापेक्षा जास्त गंभीरपणे घेते, शेजारीपाजारी कोण आपलं आणि कोण नाही हे त्यांना माहीत होतं. पण नामंजूर फाइल फेकायची नाही हं. पन्नास वर्षांपूर्वी जॉर्जियात कोण कुणाच्या शेजारी राहायचं याच्या साक्षी त्यात असतात, चेरोकी असो नसो, त्या घराण्याचा इतिहास तर तो आहेच.

प्रश्न : मी मालवणचो. माझो झील थंय अमेरिकेत आसा, तेच्या बायकोन डीएनए टेस्ट केल्यान, ‘नेटिव्ह’ एक टक्को इलो. एका टक्क्यात चेरोकी ठरता काय?

उत्तर : नाय ठरत, दादा. टेस्टवाले फार तर अमेरिका खंडातले मूळ रहिवासी एवढं सांगतात, चेरोकी की चॉक्टॉ की मेक्सिकोतले कुणी हे त्यातून कळत नाही, आणि चेरोकी नेशन नागरिकत्वासाठी असला रिपोर्ट धरत नाही. उलट बाजूही बघा, पणजीकडून सरासरी साडेबारा टक्के येतं, पणजी स्वतः अर्धीच असेल तर सहाच्या आसपास, आणि सात-आठ पिढ्या मागे गेलात तर काहीच न येणंही शक्य. मुळात तिथलं गणित रक्ताचं कमी आणि राष्ट्राचं जास्त. जॉन रॉस स्वतः रक्ताने एक अष्टमांश चेरोकी, तरी १८२८ पासून १८६६ ला मरेपर्यंत मुख्य चीफ तोच. आज चेरोकी नेशनला रक्ताची किमान अटच नाही, डॉझ रोलवरचा पूर्वज बास. तालेक्वालाच युनायटेड कीटूवा बँड म्हणून दुसरी मान्यताप्राप्त जमात आहे, त्यांना मात्र पाव रक्त लागतं.

तुम्ही पुढे लिहिलंय की सुनेच्या आजोबांनी ‘जमीन नको म्हणून सही केली नाही’. हेही घरोघरी ऐकू येतं. विरोध करणारे खरंच होते, रेडबर्ड स्मिथ आणि त्याचा नाइटहॉक कीटूवा हा परंपरावादी गट, पण स्मिथला १९०२ मध्ये पकडून नाव नोंदवायला लावलं, आणि बाकीच्यांची नावं इतरांना विचारून घातली. म्हणजे विरोध करणारेही यादीत सापडतात. आणि नागरिकत्व मिळालं तर कसिनोचे पैसे वाटून मिळतात का, असं कानात विचारलंत, तर चेरोकी नेशन तसे माणशी वाटत नाही.

प्रश्न : जहाजावर आमचा एक इंजिनिअर नॉर्थ कॅरोलिनाचा आहे, म्हणतो आम्ही चेरोकी. त्याने डॉझ रोल पालथा घातला, घराण्याचं कुणीच नाही. मी त्याला काय सांगू? (दाभोळ)

उत्तर : चुकीच्या यादीत शोधतोय तो. १८३८ ला जे डोंगरात राहिले किंवा स्वतःच्या जमिनीवर टिकले त्यांचे वारस म्हणजे ईस्टर्न बँड, नॉर्थ कॅरोलिनातल्या क्वाला बाउंडरी या त्यांच्या भूमीवरचे, ते ओक्लाहोमाला गेलेच नाहीत तर डॉझमध्ये कसे येतील. त्यांची मूळ यादी १९२४ चा बेकर रोल. त्यावर सरळ रेषेतला पूर्वज आणि किमान एक षोडशांश रक्त, दोन्ही लागतं. बेकर रोलच्या मागे जायचं तर १८८४ चा हेस्टर, त्याच्या मागे १८५१-५२ चे सिलर आणि चॅपमन. मात्र बेकर रोल झाला तेव्हाच जमातीने त्यातल्या बऱ्याच नावांवर हरकत घेतली होती, त्यामुळे नाव सापडलं की त्याच्या समोर हरकतीचा शेरा आहे का तेही बघायला सांगा. पुढच्या बंदरात नेट मिळालं की आधी आजीआजोबांच्या मृत्यूचे दाखले मागवू दे त्याला.